मधल्या कप्प्यातली पेटी

मी एक जुना फ्रीज आहे. विठ्ठलवाडीतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा आहे. माझा रंग कधीकाळी लाल होता. आता दारावर तेलकट डाग पडले आहेत आणि पायाशी गंज चढला आहे. मित्रांनो, माझी कथा सांगण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. फ्रीजच्या आयुष्यात घडणार तरी काय? दार उघडतं, दिवा लागतो, दार बंद होतं. पण माझ्या पोटात एकदा एक गोष्ट घडली आणि ती बाहेर कुणाला दिसली नाही. म्हणून हे धाडस करतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये फेस भरून त्यांनी मला असा बंदिस्त केला की बाहेरचा उन्हाळा आत येऊ नये. डोक्यापाशी बर्फाचा कप्पा, खाली जाळीचे कप्पे, तळाला भाजीचा डबा. प्रीतम आणि सोनल यांचं लग्न झालं त्या वर्षी कल्याणच्या दुकानातून टेम्पोत बसून मी या घरी आलो.

प्रीतमच्या आईने, शेवंतीबाईंनी, माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यांचं माहेर रायगडच्या किनाऱ्यावरचं. नवरा लवकर गेला, तेव्हा कल्याणच्या बाजारात मासळी विकून त्यांनी मुलं वाढवली. त्यांनी माझे कप्पे एकेक करून पाहिले आणि बर्फाच्या कप्प्यावर हात ठेवला.

"हा खरा कप्पा. खालचे आपले शोभेचे."

आयुष्यभर त्यांनी बर्फाच्या जोरावर माल राखला होता. बर्फ संपला की माल गेला, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मजल्यावर दुसरा फ्रीज नव्हता. शेजारच्यांचं दूध, कुणाच्या बारशाचं श्रीखंड, सगळं माझ्या पोटात असायचं. सोनल ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात जायची. विजेच्या पॅनेलमध्ये केसासारख्या बारीक तारा जोडायचं तिचं काम. डोळे मिटूनही ती तार बरोबर जागी बसवते, असं तिचे साहेब म्हणत. घरी येऊन ती हे सांगायची आणि स्वतःच लाजायची.

तिचा आजार घरात सगळ्यांत आधी मला कळला. सकाळी दूध काढायला यायची, मूठ धरायची, आणि दार उघडायचंच नाही. बोटं सुजलेली, कडक झालेली. ती कोपर अडकवून दार ओढू लागली. मग तिने जुन्या ओढणीची एक पट्टी माझ्या मुठीला बांधली. त्यात मनगट घालून ओढलं की दार उघडायचं.

त्या आजाराला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. या आजारात ती फौज आपल्याच सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. राखायला ठेवलेल्यांनीच घर मोडायचं, असा हा प्रकार.

गोळ्या झाल्या. त्या पुरेनात. मग ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून बायोलॉजिक नावाचं इंजेक्शन सुरू केलं. ते औषध जिवंत पेशींकडून बनवून घेतात, म्हणून फार नाजूक असतं. औषधवाल्याने प्रीतमला बजावलं, "मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाला लावू नका. गोठलं तर फेकून द्यावं लागेल." प्रीतमने ते सोनलला सांगितलं. पेटीवरही ते छापलेलं होतं, पण इंग्रजीत. शेवंतीबाईंना दोघांनी एवढंच सांगितलं, "वाताचं इंजेक्शन आहे."

मित्रांनो, माझ्या मधल्या कप्प्यात दह्याच्या भांड्याशेजारी ती पांढरी पेटी आली आणि हळूहळू घर बदललं. काही महिन्यांत सोनल दोन बोटांनी माझं दार उघडू लागली. लसूण सोलू लागली. एकदा नुसतंच दार उघडून, बंद करून, पुन्हा उघडून हसली. पट्टी मात्र तिने सोडली नाही. कारखान्यात ठरलं की गणपती झाले की नव्या मुलींना तारा जोडायला सोनलनेच शिकवायचं. तिच्यासाठी वेगळं टेबल लागणार होतं. त्या टेबलाबद्दल ती इतकं बोलायची की जणू ते टेबल मीही पाहिलं होतं.

आजाराबद्दल मात्र घराबाहेर अवाक्षर नव्हतं. "एकदा भावकीत कळलं की बघायला येतात आणि उणंदुणं मोजून जातात," शेवंतीबाई म्हणायच्या. सोनललाही ते पटायचं. कारखान्यात कळलं तर टेबल जाईल, ही तिची भीती.

त्या वर्षी भावकीच्या गौरी आमच्या घरी बसायच्या होत्या. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. चिंबोऱ्या, कोलंबी, वडे. सोनल कामावर गेली होती आणि डोंबिवलीहून प्रीतमची बहीण योगिनी यायची होती. शेवंतीबाईंनी माझं दार उघडलं आणि पेटीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तुला कुठं लपवू गो? योगिनी आल्या आल्या सगळं उघडून बघणार, आणि भावकीत बोलत सुटणार."

त्यांनी पेटी उचलली. सुरमईचे तुकडे गुंडाळावेत तशी प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळली आणि बर्फाच्या कप्प्यात, ट्रेच्या मागे सरकवली. "बस हितं. कुणाची नजर नको. गारवा पण भरपूर."

प्रेमाने ठेवली होती. हे मला सांगायलाच हवं. थंड करणं हे माझं काम, आणि मी ते केलं. संध्याकाळपर्यंत पेटीतल्या काचेच्या नळ्यांमधलं औषध गोठून दगड झालं.

सोनल कामावरून परतली, पाठोपाठ योगिनी आली आणि तिने खरोखरच आधी माझं दार उघडलं.

"आई, किती कोंबलंयस! चिंबोऱ्या बाहेर येऊन पुरणाशी भांडतील. आणि वहिनी, फ्रीजला ओढणी काय बांधलीस? नवस बोललीस काय?"

"अगं, रबर घट्ट झालंय त्याचं," सोनल म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सोनलही हसली. तिची पुढची सुई विसर्जनानंतर होती, त्यामुळे त्या गर्दीत तिने पेटी शोधलीही नाही.

गौरी गेल्या. शेवंतीबाईंनी पेटी बाहेर काढली, टॉवेलने पुसली, सुकवली आणि मधल्या कप्प्यात ठेवून दिली. बर्फ वितळला. औषध पुन्हा पाण्यासारखं दिसू लागलं. गोठून मेलेलं औषध आणि चांगलं औषध, मित्रांनो, दिसायला सारखंच असतं.

प्रीतमने ते टोचलं. पुढचंही टोचलं. मग एका सकाळी सोनलने पुन्हा पट्टीत मनगट घातलं.

नव्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून तार निसटली. पुन्हा निसटली. शिकायला आलेल्या मुलीने ती उचलून दिली. थोड्याच दिवसांत साहेबांनी सोनलला खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. घरी येऊन तिने हे सांगितलं नाही. पाण्याची बाटली काढायला आली, माझ्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली आणि बाटली न घेताच गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी शरीर औषधाशीच लढायला लागतं, मग ते लागू पडेनासं होतं. त्यांनी औषध बदललं. नवी पेटी आली, तेव्हा शेवंतीबाईंनी लगेच हात पुढे केला.

"दे हिकडं. गौरीला ठेवलेली तशी बर्फात ठेवते. तुम्ही खाली ठेवता, म्हणून गुण येत नाय."

सोनलने पेटी सोडली नाही. "गौरीला कुठे ठेवलेली?"

"वर. बर्फात. योगिनीला दिसू नये म्हणून."

सोनलने पेटी मधल्या कप्प्यात ठेवून माझं दार लावलं.

"आई," सोनल म्हणाली, "तो बांगडा नव्हता हो."

शेवंतीबाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मग मला सांगायचं होतंत ना गो कुणीतरी! वाताचं म्हणालात, मी वाताचं समजले. त्या पेटीवर लिवलेलं मला कुठं वाचता येतं?"

प्रीतम दारात उभा होता. त्याला वाचता येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून जुनंच औषध पुन्हा सुरू केलं. ते तिला लागू पडेनासं झालं नव्हतंच, फक्त ती एक पेटी गोठली होती. हळूहळू सूज उतरली. पण सूज असताना सांध्यात जे झिजलं, ते भरून आलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, आणि अंगठ्यात चिमटीचा जोर उरला नाही. सोनल आजही लेबलं चिकटवते. त्या टेबलावर आता ती तार उचलून देणारी मुलगी बसते.

मित्रांनो, पाडव्याला या घरात दोन दारांचा नवा फ्रीज येणार आहे. मग मी भंगारात जाईन. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझ्या पोटात माणसांनी फक्त वस्तू ठेवल्या नाहीत, लाज ठेवली, भीती ठेवली, आणि ठेवलेलं कसं सांभाळायचं हे एकमेकांना सांगितलं नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याचं औषध कसं राखायचं हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, ज्याला वाचता येत नाही त्याला आधी. आणि कुणाचं काही जपायला निघालात, तर हात लावण्याआधी त्याला विचारा. नुसत्या मायेने काही टिकत नाही.

मला एवढंच सांगायचं होतं. पण एक गोष्ट मी अजूनही पाहतो आहे.

इंजेक्शनची पेटी आता पत्र्याच्या डब्यात असते. सोनलने त्याला छोटं कुलूप लावलं आहे. कुणापासून, ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. किल्ली तिच्या गळ्यात असते. इंजेक्शनच्या दिवशी ती पट्टीत मनगट घालून माझं दार उघडते, डबा ओट्यावर ठेवते आणि किल्ली कुलपात घालते. किल्ली फिरत नाही. ती हात बदलून पुन्हा पाहते. फिरत नाही.

मग ती हाक मारते, "आई."

शेवंतीबाई पदराला हात पुसत येतात, कुलूप उघडतात आणि आतल्या पेटीला बोटही न लावता निघून जातात.