दादाचं चुकलेलं अक्षर

दादाचं हर्नियाचं साधं ऑपरेशन, पण ते आटोपल्यावर तीन तास त्याचा श्वास परतेना. मशीनवर ठेवावं लागलं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. आणि हा पठ्ठ्या शुद्धीवर येऊन म्हणतो कसा, “लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर झोपलो.”

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “स्नायू सैल करायचं एक औषध काहींच्या अंगात लवकर विरत नाही. डीएनएमधलं एखादं अक्षर बदललं तरी तेवढं पुरतं,” त्या म्हणाल्या. पुढच्याच महिन्यात दादाच्या लेकीचे टॉन्सिल काढायचे होते. बापलेकीचं रक्त तपासणीला गेलं ते नेमकं धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेत.

घरच्यांचे नमुने आपण हाताळायचे नाहीत, असा तिथला नियम. म्हणून तपासणी तिच्या तिथल्याच मैत्रिणीने केली. निकाल आला : अक्षर जागच्या जागी, दोघांचंही.

“सुटलो,” दादा फोनवर म्हणाला.

धाकटीला मात्र चैन पडेना. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. “सर, ही चाचणी एकच जागा बघते. चूक दुसरीकडे असेल तर तिला कशी सापडणार? अख्खा जीन वाचायला हवा.”

“भाऊ आहे म्हणून म्हणतेस?”

“हो. परका असता तरी म्हटलं असतं. एवढी मागे लागले नसते, इतकंच.”

साहेबांनी हसून सही केली.

आठ दिवसांनी अहवाल डॉक्टरांकडे गेला, मग मैत्रिणीने तिला आलेख दाखवला. रंगीत शिखरांची लांबच लांब रांग, एकेक शिखर म्हणजे एकेक अक्षर, आणि एका ठिकाणी लाल हवं तिथे हिरवं. जीनच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची; दादाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल. लेकीच्या एकीत. त्या जागी तिची लाल नि हिरवी शिखरं एकमेकांवर चढली होती. धाकटीने खुर्ची ओढली आणि ती जागा पुन्हा एकदा तपासली.

लेकीला ते औषध दिलंच नाही. ऑपरेशनच्या दिवशी दादा बाकावर बसून बहिणीचा हात घट्ट धरून होता. तिची बोटं बधिर झाली, पण तिने हात सोडवला नाही.

नर्स बाहेर आली. “उठली. आइस्क्रीम मागतेय, आणि तुमच्यावर रागावलीय.”

“का?”

“दुखणार नाही म्हणाला होतात म्हणे.”

दादा उठला, डोळे पुसले आणि लेकीची बोलणी खायला आत गेला.