चौकोनी डाग

"ओढणी काढ," मी म्हटलं.

संयोगितानं नुसती मान हलवली. दवाखान्याचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. बुधवारी तिचं लेझर झालं आणि शनिवारी सकाळी ही पोरगी दारात, डोळ्यांखालचं सगळं तोंड जांभळ्या ओढणीत गुंडाळून. शेजारी तिची आई धोंडुबाई पिशवी छातीशी धरून उभी.

"आत गेल्यावर काढती, मावशी. हितं लोक बघत्यात."

आत घेतलं तर ओढणी निघेना. कापड हनुवटीला चिकटलं होतं. सलाइनमध्ये बोळा भिजवत, थोडं थोडं करत मी ते सोडवलं. खाली फोड फुटलेले, त्यांवर पिवळा, कडू वासाचा चिकट थर, आणि त्या थराखाली वरच्या ओठापासून गळ्यापर्यंत तपकिरी डाग. एकाला लागून एक.

मी एकोणीस वर्षं ड्रेसिंग करते. आधी एका मोठ्या इस्पितळात होते. चरकात गेलेली बोटं पाहिली, किडे पडलेले पाय धुतले आणि घरी जाऊन पोटभर जेवले. जखमेची मला किळस येत नाही. पू आपण पू आहोत हे लपवत तरी नाही. किळस यायची ती आमच्या त्या राजारामपुरीतल्या दवाखान्याची. बाहेरच्या खोलीत गुलाबाचा फवारा, भिंतीवर परदेशी बायकांचे गुळगुळीत गाल, आणि सगळ्याच्या तळाशी जळक्या केसांचा वास. उदबत्ती लावा, फिनेल टाका, तो हटायचा नाही. माझ्या पदरात बसून तो घरी यायचा आणि मी भाताचं ताट तसंच बाजूला सारायचे.

दोन हजार चार सालचा मे महिना होता. केस काढायचं ते लेझरचं मशीन आमचं नव्हतंच. दर दुसऱ्या बुधवारी ते एका गाडीतून सांगलीहून यायचं आणि पाचला परत जायचं. तेवढ्यात बारा-तेरा बायका उरकायच्या. नियमाप्रमाणे नव्या बाईच्या कानामागं आधी लेझरचा एकच ठिपका मारून बघायचा, दोन आठवडे थांबायचं आणि मग तोंडाला हात घालायचा. पण दोन आठवड्यांनी बाईचा विचार बदलतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून ठिपका मारलाच जायचा नाही. कागदावर मात्र 'चाचणी केली' या चौकटीत बरोबरची खूण असायची. ती खूण मी करायचे. सगळ्यांच्या कागदावर, सकाळीच, एका दमात.

संयोगिता कळंब्याची. वय सव्वीस. रस्त्याकडेला त्यांची रोपवाटिका होती आणि ती दिवसभर उन्हात उभी राहून गुलाब, मोगरा, आंब्याची कलमं विकायची. मूळची सावळी, त्यात मे महिन्यानं रापलेली. हनुवटीवर दाट राठ केस. रोज पहाटे ती वडिलांच्या रेझरनं दाढी करायची आणि धोंडुबाई न्हाणीच्या दाराशी पहारा द्यायची. दहा वर्षं हे चाललेलं. "गिऱ्हाईक गुलाब बघतच न्हाई मावशी, माझी हनुवटी बघतंय," असं ती पहिल्या दिवशी मला हसत हसत म्हणाली होती. ते हसणं बघवत नव्हतं.

त्या बुधवारी तिच्या आधी ताराबाई पार्कातली एक गोरीपान बाई झाली. तिच्यासाठी लावलेला किरणांच्या जोराचा आकडा मशीनवर तसाच राहिला. सावळ्या कातडीला तो उतरवायचा असतो, हे मला ठाऊक होतं. मी गॉगल लावून संयोगिताचं डोकं धरून उभी होते आणि तो आकडा माझ्या नाकासमोर होता. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. "भाजतंय ओ," संयोगिता म्हणाली. "एवढं तर होतंच," डॉक्टर म्हणाले. आणि मी? मी तिचं डोकं आणखी घट्ट धरलं.

तर त्या शनिवारी डॉक्टर आले. त्यांनी लांबूनच पाहिलं, नाकाशी रुमाल धरला.

"काय लावलंत हे?"

"कोरफड की," धोंडुबाई लगबगीनं म्हणाली. "तुमीच म्हणलासा न्हवं, घरी गेल्यावर कोरफड लावा म्हणून?"

डॉक्टरांच्या मनात काचेच्या कपाटातली कोरफडीच्या मलमाची हिरवी ट्यूब होती. धोंडुबाईच्या मनात घराच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड. कोरफड म्हटल्यावर आमच्याकडं दुसरं कुणाच्या मनात काय येणार? तिनं ती कापली आणि पिवळा चीक न धुता दिवसातून पाच वेळा लेकीच्या तोंडाला चोळली.

"दारावरची? चिकासकट?" डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. खरंच खुलला, मी बघत होते. "मग बोलायलाच नको. हे लेझरचं नाही बाई. हे तुमचं काम. पोरीचं तोंड तुम्ही घालवलंत."

आणि केसपेपरवर त्यांनी ते लिहूनही टाकलं.

 धोंडुबाईनं आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले आणि पदराखाली घेतले. संयोगितानं आईकडं एकदाच बघितलं. तसं बघणं परक्याच्याही वाट्याला येऊ नये.

कोरफडीनं चिघळलं, हे खरं. पण भाजलं होतं आमच्याच मशीननं. डाग सगळे चौकोनी होते, एका मापाचे, मशीनच्या तोंडाएवढे. कोरफडीच्या चिकाला कोपरे नसतात. हे मला पहिल्या क्षणी दिसलं होतं, डॉक्टरांनाही दिसलंच असणार. मी ट्रे उचलला आणि बोळे कचऱ्यात टाकायला गेले. त्या दिवशी मला माझीच किळस आली आणि ती पुढं कित्येक दिवस उतरली नाही.

"इथं बोलवू नका तिला," डॉक्टर मागाहून म्हणाले. "बाहेर बसलेल्या बायका घाबरतात. शालूबाई, तुम्हीच घरी जाऊन ड्रेसिंग करा."

मग मी दिवसाआड दुपारी बसनं कळंब्याला जाऊ लागले. उकळून गार केलेलं पाणी, निर्जंतुक कापूस, मलम. खपली ओढायची नाही, उन्हात जायचं नाही, फडक्यानं पुसायचं नाही. संयोगिता सगळं काटेकोर पाळायची. फोड सुकले, खपल्या धरल्या, आठव्या दिवसापासून गळू लागल्या. खालून कोवळी गुलाबी कातडी आली आणि कडेनं काळपट चौकटी राहिल्या.

"हे जाणार का, मावशी?"

"जातंय. सा-आठ म्हैने लागतील. घाई करून खरडायचं न्हाई."

जखम भरत होती, घर मात्र नासत चाललं होतं. संयोगिता आईशी एक अक्षर बोलत नव्हती. आईनं वाढलेलं ताट सरकवून स्वतः भाकरी घ्यायची. आईनं भरलेला तांब्या ओतून पुन्हा भरायची. धोंडुबाईनं दारावरची उरलेली कोरफड काढून ओढ्यात टाकली होती. मी ड्रेसिंग करत असले की ती चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसायची. आणि मी कापूस टेकवत, गोड बोलत, तिथला चहा घेत होते. दवाखान्यातला गुलाबाचा फवारा आणि मी, दोघांत फार फरक उरला नव्हता. सांगून टाकावं तर नोकरी जाणार. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या पगारावर. दर खेपेला बसमध्ये ठरवायचे, आज सांगायचं. दर खेपेला बसमधून गप्प परत यायचे.

पंधराव्या दिवशी मी पोचले तर शेजारची झुंबरबाई सोप्यात ऐसपैस बसलेली. विचारपूस करायला आली होती म्हणे. असली विचारपूस मला चांगली माहीत आहे. खपली निघाली तरी या बायकांची नखं निघत नाहीत.

"आता हिला कोण पत्करणार गं, धोंडे?" ती म्हणाली. "परक्यानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. जन्माला घालणारीनंच तोंड जाळलं म्हटल्यावर बोलायचं कुणाला?"

मला वाटलं, धोंडुबाई आता तरी उसळेल. ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "व्हय की. माझंच हात जळलं असतं तर बरं हुतं."

 झुंबरबाईला मी म्हटलं, "तुमी उठा. मला ड्रेसिंग करायचंय."

"मी काय परकी हाय व्हय?"

"उठा म्हणती न्हवं!"

ती पुटपुटत गेली. मी भिंतीवरचा आरसा काढला आणि संयोगितापुढं धरला. तिनं तोंड फिरवलं.

"बघ," मी म्हटलं. "डाग कसला हाय? गोल का चौकोनी?"

"...चौकोनी."

"त्याच्या शेजारचा?"

"तसाच. सगळं तसंच हायत." ती थांबली. "म्हंजी?"

"म्हंजी भाजलंय ते मशीननं. आईच्या कोरफडीनं नुसतं चिघळलं. आधीच्या बाईचा आकडा उतरवायचा ऱ्हायला, त्यो मी बघितला आणि बोलले न्हाई. तू भाजतंय म्हणालीस तवा डोस्कं धरणारी मीच. चाचणी केली म्हणून कागदावर खोटी खूण करणारी पण मीच."

चुलीपाशी काही हाललं नाही. बाहेर कुणीतरी रोपांना पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत होता.

संयोगिता ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "ह्ये तुमाला कवापासून ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"पंधरा दीस." ती माझ्याकडं पाहत राहिली. "पंधरा दीस तुमी हितं येताय, मावशी."

रोपांच्या हिशेबाच्या वहीतलं एक कोरं पान तिनं फाडलं आणि पेनासकट माझ्यापुढं टाकलं. "लिवून द्या."

मी लिहिलं. आकडा, खूण, तारीख, खाली माझं पूर्ण नाव आणि सही.  त्या कागदापायी पुढच्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. डॉक्टर मला कृतघ्न म्हणाले. मला तो शब्द लागला नाही. लागायला आत चांगली जागा उरायला हवी ना.

कागद घडी घालून तिनं पोलक्यात ठेवला. मी सवयीनं पाण्याच्या पातेल्याकडं हात नेला.

"तुमी नगं," ती म्हणाली. "उठा तिथनं."

मी उठले.

"आई, हिकडं ये. बस हितं."

पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा आईशी बोलत होती. धोंडुबाई वळली, पण जागची हलली नाही. "नगं गं बाई. माझ्या हातानं नगं."

"तुझ्याच हातानं."

धोंडुबाईनं साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. ओले हात पदराला पुसायला गेली आणि थबकली, मग ते तसेच हवेत धरून वाळवत उभी राहिली. माझ्या जागेवर येऊन बसली. मी दारापाशी, चपलांजवळ उभी होते. आत थांबायला कुणी सांगितलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

"घासू नगा," मी तिथनंच म्हटलं. "नुसतं टेकवायचं."

तिनं कापूस पाण्यात बुडवून पिळला. हात पुढं नेला आणि लेकीच्या हनुवटीपासून वीतभर अलीकडं तो थांबला. पुढं जाईना. कापसातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं.

संयोगितानं डोळे मिटले आणि आपली हनुवटी पुढं नेऊन त्या कापसावर टेकवली.