अडतीस नंबरची केस

"आजी, पदर सारखा करत बसू नका. तुम्ही त्यांना दिसणार नाही," तनुजा म्हणाली. आमची वकील.

"मग मी काय बुधवार पेठेत टीव्ही बघायला आलेय?"

नात उत्कर्षानं माझा हात दाबला. मी सोडवून घेतला. तनुजाच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर दिल्लीचं सुप्रीम कोर्ट, कोपऱ्यात चालू केसचा आकडा एकतीस. आमचा अडतीस. विश्रांतवाडीच्या घराच्या भिंतींवर मी पाणी मारलं, सहावा महिना चालू असताना. कागद निघाला एकट्या दिराच्या, रंगनाथच्या नावावर. खालच्या कोर्टात मला म्हणाले, "हो की नाही एवढंच सांगा." म्हणून दिल्लीसाठी चार दिवस सगळं घोकून आले होते. आज नाही म्हणाले की घर सोडायचं.

"मी बोलायचं कधी?"

"आज केस चालणार नाही, आजी. केस ऐकायची की नाही, तेवढंच ठरणार. तेही तिथले आपले वकील बोलतील. जजसाहेबांनी कागद आधीच वाचलेत. खालच्या दोन्ही कोर्टांचा निकाल एकच असला, की सहसा हात घालत नाहीत."

"म्हणजे दारात उभं करून ठरवणार, आत घ्यायची का ही बाई?"

"तसंच. 'नोटीस' म्हणाले की घेतलं. 'डिसमिस' म्हणाले..."

"तेवढं इंग्रजी येतं मला."

बत्तीस. तेहतीस. मेथीची जुडी घेतानासुद्धा मी याहून जास्त वेळ बघते. बसवेना. उठले, खिडकीशी गेले, परत आले.

अडतीस लागला. आमचे वकील उभे राहिले, दीड वाक्य बोलले. साहेबांनी मान वर केली आणि हलवली. डिसमिस. आकडा एकोणचाळीस झाला.

घोकलेलं सगळं तोंडात तसंच राहिलं. उत्कर्षा रडायला लागली. तनुजा लॅपटॉप मिटायला गेली.

"राहू दे. ह्या पुढच्यांचं काय होतं बघू."

"आजी, आता काय उपयोग?"

"मला बघायचंय."

चाळीस गेला. एक्केचाळीस, बेचाळीस गेले. चव्वेचाळीसला साहेबांनी पान उलटलं. वकिलाला काहीतरी विचारलं. पुन्हा मागचं पान काढलं.

"नोटीस."

"घेतलं?"

"घेतलं."

"कुणाचं?"

तनुजानं यादी पाहिली. "ओडिशाच्या कुणी बाई आहेत."

"बरं झालं." मी चपला घातल्या. "उत्कर्षा, डोळे पूस. जिन्यात माणसं आहेत."