कडीचा दगड

गढीची बाग उघडली त्या रविवारी कैलास घरच्यांना घेऊन निघाला, तेव्हा गडी भलताच खुशीत होता. का नसावा? मळवलीच्या आसपास बंगल्यांचे पाये खणण्यात त्याचा जन्म चालला होता. पण बागेतल्या कारंज्याचा खड्डा, तोही जुन्या गढीत, म्हणजे काय चेष्टा झाली का! पाच वर्षांपूर्वी बागेचं काम सुरू झालं तेव्हा त्याच खड्ड्यातून निघालेला एक देखणा सपाट दगड त्यानं घरी नेऊन मागच्या दारी टाकला होता. सारिका त्यावर धुणं धुवायची. दगडाला लोखंडी कडी होती, तिला शेळी बांधायची सोय झाली.

सारिकाला बागेचं काही पडलं नव्हतं. तिला ओढ्यावर जायचं होतं. तिची पहिली पोर बारसं व्हायच्या आत गेली. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात, आणि त्यांच्यात आईला जागा दाखवत नाहीत. कैलास तेव्हा खोदाईची गाडी घेऊन गुजरातला गेलेला. पोरीला एकट्या धोंडिबानं नेलं, त्याच्या बापानं. गावातली तान्ही पोरं ओढ्याकाठीच पुरतात, म्हणून कैलासनं कधी विचारलंच नाही. आता म्हातारा इंदुरीला थोरल्या मुलाकडे असायचा आणि नातवंडांची नावंसुद्धा विसरायला लागला होता. आज त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्याला आठवतंय तोवर जागा बघू द्या, एवढंच सारिकाचं मागणं होतं.

"आधी बाग, मग वढा," कैलास म्हणाला. ती कबूल झाली. पिशवीत तिनं एक झबलं घेतलं होतं.

बागेत गुलाब होते, हिरवळ होती, फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. धाकटी प्रतीक्षा कारंज्याच्या पाण्यात हात घालून खिदळत होती.

"आबा, ह्यो खड्डा मी खणलाय बरं का," कैलास म्हणाला.

धोंडिबा थांबला. त्यानं गढीच्या बुरुजाकडे पाहिलं, मग कारंज्याकडे, आणि टोपी काढली.

"आता वढ्यावर कशाला जायचं? पोर तर हितं हाये."

"आबा, तुमी इसरताय. सगळ्यांची तितंच असत्यात."

"वढ्याला पूर व्हता त्या दिशी. पाय ठरंना. म्हणून हितं आणली. म्हणलं, गढीत कोण येतंय खणाया." म्हातारा सावकाश बोलत होता. "कोल्हं उकरंल म्हणून वर दगड ठिवला. घोडं बांधायचा, कडीचा. त्यो उचलताना कंबर गेली ती गेलीच."

काहीतरी बोलावं, म्हातारा भ्रमलाय म्हणावं, असं कैलासला लय वाटलं. पण सारिका त्याच्याकडे बघत होती.

"माती कुटं टाकली?" तिनं विचारलं.

"डंपर घेऊन गेला. भरावाला."

"कुटं?"

"ठाऊक न्हाई."

झबलं पिशवीतून बाहेर आलंच नाही. परतताना तिनं सासऱ्याचा हात धरला होता, नवऱ्याकडे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं आधी शेळी सोडली आणि दुसरीकडे बांधली. बादलीभर पाणी ओतून दगड धुतला. तेवढ्यात प्रतीक्षा रोजच्यासारखी पाय धुवायला दगडावर चढली, आणि सारिकानं तिच्या पाठीत धपाटा घातला. तिनं पोरीवर आजवर कधी हात उगारला नव्हता. पोर रडायला लागली. मग सारिकानं तिला पोटाशी धरलं आणि तिथंच, दगडाशेजारी बसून, ती स्वतःही रडली.

कैलास दारातच उभा होता. ती दगडावर हात ठेवून रडता रडता म्हणाली, "पाच वर्सं मी हिच्यावर कापडं आपटतीय."