ऑपरेशनच्या आधीची नळी

मित्रांनो, परभणीतल्या एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असलेला मी एक जुना डीप फ्रीजर आहे. उणे ऐंशी अंशांची थंडी धरून ठेवणे हे माझे काम. चौदा वर्षे मी ते करतो आहे, आणि खरे सांगू, आता फार दमलो आहे.

माझ्या पोटात स्वरदा मॅडमनी रोग्यांकडून घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांच्या नळ्या असतात. मॅडम मूत्राशयाच्या कर्करोगावर संशोधन करतात. आपल्या पेशींत आरएनए नावाचे धागे असतात. काही धाग्यांवरून प्रथिने बनतात, बाकीच्यांवरून बनत नाहीत. त्यामुळे बरीच वर्षे हे बाकीचे धागे निरुपयोगीच समजले गेले. पण त्यांतलाच एखादा धागा अतोनात वाढला, तर वाढ रोखणाऱ्या धाग्यांना तो अडकवून ठेवतो आणि गाठ फोफावते. ऑपरेशनआधी लघवीत सापडणारा हा धागा नंतर कमी होतो का, गाठ परतताना पुन्हा वाढतो का, हे मॅडमना शोधायचे होते. तसे ठरले तर रोग्याला दर तपासणीला लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून घ्यावी लागणार नाही.

पेडगावचे आश्रुबा त्या दुर्बिणीला फार भीत. चाळीस वर्षे बिड्या ओढलेले हे शेतकरी. मूत्राशयातली गाठ काढण्याआधी त्यांनी नळी दिली, नंतर दर तीन महिन्यांनी देत राहिले.

माझ्या दाराच्या रबरावर बर्फ साचत होता. तो पुसायचे कुणाच्या ध्यानात नव्हते. मे महिन्यातल्या एका शनिवारी मॅडमनी घाईत दार लोटले, पण ते नीट बसलेच नाही. सोमवारी सकाळपर्यंत मी धापा टाकत राहिलो. वरच्या कप्प्यातल्या नऊ नळ्यांतले नमुने वितळले. उबेत आरएनए टिकत नाही. त्या नळ्यांत आश्रुबांची ऑपरेशनआधीची नळी होती.

आश्रुबा आले तेव्हा मॅडमनी काही लपवले नाही. "काका, चूक माझी आहे. तुमची पहिली नळी वाया गेली."

"मग मी परत देतो की."

"ती परत मिळत नाही, काका. ती गाठ आता तुमच्या पोटात नाही."

 आश्रुबा म्हणाले, "गाठ न्हाई म्हणता, मग रडायलाव कशाला?"

मॅडमना रडता रडता हसू आले.

पंधरा दिवसांनी आश्रुबा शेजारच्या भुजंगला हाताला धरून घेऊन आले. "मॅडम, ह्याच्या लघवीतून रक्त जायलंय. मला काल सांगितलं."

"दुखत न्हाई ना, म्हून गप बसलो," भुजंग खाली बघत म्हणाला.

मॅडमनी त्याला लगेच डॉक्टरांकडे नेले. तपासणीत गाठ निघाली, पण लहान होती, वेळेत सापडली. ऑपरेशनआधी त्याने दिलेली नळी मॅडमनी आधी माझे रबर कोरडे करून मगच आत ठेवली. दार लावून दोनदा ओढूनही पाहिले.

मित्रांनो, लघवीत रक्त दिसले तर लाजू नका, दुखत नाही म्हणून थांबू नका. आणि मुकाट्याने राबणाऱ्या यंत्राकडेही अधूनमधून बघत जा. माझ्या कप्प्यांत माणसांचे असे दिवस ठेवलेले असतात, जे त्यांना पुन्हा देता येत नाहीत.