कानसेनांच्या बायकोची डोकेदुखी

"चिमणी मेली हो तुमची," चष्मेवाले दारातूनच म्हणाले आणि हातातली लाकडी पेटी त्यांनी कानसेनांच्या टेबलावर अलगद ठेवली. मग परत गाडीकडे जाऊन जोडीतली दुसरीही घेऊन आले.

"कुठल्या पेटीतली?" कानसेनांनी विचारलं.

"या डावीकडच्या. ढोल्या छान वाजतोय, पण वरून आवाजच नाही. बाई डोक्यावरून पांघरूण घेऊन गातेय असं वाटतं."

चिमणी आणि ढोल्या ही नावं कानसेनांच्याच दुकानातली. स्पीकरच्या पेटीत खाली मोठा पडदा असतो तो ढोल्या, जाड आवाज त्याने काढायचे. वर अंगठ्याएवढी असते ती चिमणी, बारीक आवाज तिच्याकडे. जुन्या पेट्या दुरुस्त करणारं शहरात दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकंही आता हीच भाषा बोलत. चष्म्यांचं दुकान चालवणारे हे गृहस्थ तर नियमाने येणारे. आठवड्यापूर्वीच ते ही जोडी दुरुस्त करून घेऊन गेले होते.

कानसेनांनी स्क्रू काढले, पुढची फळी सैल केली आणि आत डोकावले. चिमणीची एक तार मोकळी लोंबत होती. ती तुटली नव्हती, निखळलीही नव्हती. तिच्या टोकाला सोल्डरचा ठिपकासुद्धा नव्हता. म्हणजे मागच्या वेळी ती जोडायचीच राहिली होती, आणि पेटी बंद करून, वाजवून, "एकदम फर्स्टक्लास" असं म्हणून कानसेनांनी ती गिऱ्हाइकाच्या हातात दिली होती.

चष्मेवालेही वाकून आत बघत होते.

"तार नेण्या-आणण्यात निघाली असेल," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं जरा मोठ्यानेच निघतं. आतल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन थांबलं आणि थोड्या वेळाने परत सुरू झालं.

"असेल, असेल. रस्त्यांना खड्डेच किती," चष्मेवाल्यांनी मान डोलावली. "आता उघडलीच आहे तर दोन्हींचा फेल्टही बदलून टाका. कसरीने पार खाल्लाय. उजवीतून बाई 'स' म्हणाली की कानात टाचणी टोचते. उद्या सकाळी येतो."

चिमणीभोवती लोकरीच्या फेल्टची एक जाड चौकट चिकटवलेली असते. दिसायला ती पायपुसण्याचा तुकडा वाटते, आणि पुष्कळ लोक ती धूळ समजून काढूनही टाकतात. पण तिचं काम मोठं आहे. चिमणीचा आवाज सरळ आपल्याकडे येतो तसा थोडा फळीवरून सरपटतही जातो, पेटीच्या कडेला धडकतो आणि तिथून दुसऱ्यांदा निघतो, किंचित उशिरा. मग कानाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो, खरा आणि त्याच्या मागून त्याची सावली. फेल्ट ही सरपटणारी सावली वाटेतच गिळून टाकतो. मग जोडी नीट जमली की गाणारी बाई दोन पेट्यांच्या मधे, आपल्या समोरच उभी आहे असं वाटतं. कानसेनांनी अशा कितीतरी चौकटी आजवर कापल्या होत्या, आणि कुठली जमली आणि कुठली फसली हे ते डोळे मिटून सांगत.

म्हणून तर ते कानसेन. खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. गळा त्यांना देवाने दिला नाही, पण कान असे दिले की पेटी उचलून आणायचीही गरज नाही, फोनवर ऐकवली तरी रोग सांगतील, असं लोक म्हणत. लोक म्हणत तेव्हा कानसेन "छे हो, काहीतरीच" असं पुटपुटत आणि दिवसभर खुशीत असत.

बायकोला मात्र संगीताचं वावडं होतं, निदान कानसेनांचं तसं पक्कं मत होतं. ती पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवायची आणि बाहेर काय वाजतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं. त्यातून गेली काही वर्षं तिची डोकेदुखी फारच वाढली होती. इकडे पेटी दुरुस्त होऊन वाजायला लागली की आतून हाक यायचीच, "अहो, त्या उजव्याने डोकं उठलं माझं!" कानसेन चरफडत उजवी पेटी उघडायचे, आणि बोलाफुलाला गाठ पडावी तसं काहीतरी बारीकसारीक तिथे सापडायचंच. कधी फेल्टचा कोपरा सुटलेला असायचा, कधी एखादा स्क्रू ढिला असायचा.

चष्मेवाले गेल्यावर कानसेनांनी आधी ती तार जोडली, दोनदा ओढून पाहिली आणि जुन्या फेल्टसकट पेट्या एकदा वाजवून घेतल्या. मग नवा करडा फेल्ट काढला, कंपास घेतला आणि बरोबर मधोमध एक वाटोळं भोक असं कापलं की बघणाऱ्याने वाहवा म्हणावं. दोन्ही पेट्यांना एकेक चौकट टाचून त्यांनी नेहमीची रेकॉर्ड लावली. एका बाईचं संथ गाणं, साथीला जेमतेम दोन वाद्यं. फेल्ट लावून ऐकलं, काढून ऐकलं. त्यांना दोन्ही सारखंच वाटलं.

या गाण्याच्या शेवटी एक बारीक घंटी वाजते. कानसेन वाट बघत बसले. गाणं संपलं, सुई रिकाम्या रेघांवर फिरायला लागली, आणि घंटी काही वाजली नाही. ती वाजली होती हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं वाजत आलेली घंटी आजच कुठे जाणार?

त्यांना भीती वाटली. दुकान बंद पडेल याची तर वाटलीच, पण त्याहून जास्त या गोष्टीची, की कान वजा केले तर आपल्यात उरतं काय. एक वयस्कर माणूस आणि एक स्क्रूड्रायव्हर. फेल्ट पट्टीने मोजून चिकटवावा आणि देऊन टाकावा, असंही मनात येऊन गेलं. पण डोळ्यांपुढून ती लोंबती तार हलेना.

"अगं, जरा बाहेर ये."

"आले. काय सांडलंत?"

"काही सांडलं नाही. इथे बस आणि हे ऐकून सांग, कसं वाटतंय."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला आमटीत मीठ कसं पडलंय हे विचारलं होतं, नवा शर्ट कसा दिसतो हे विचारलं होतं. आवाज कसा आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली, पण बसली. मांडीवर अर्धवट शिवलेला पडदा होताच.

कानसेनांनी फेल्ट काढून रेकॉर्ड लावली.

"काठ उसवलाय," बायको म्हणाली.

"पडद्याचा?"

"आवाजाचा हो. ती बाई एक शब्द म्हणते आणि तिच्या मागून कोणीतरी तोच हळूच म्हणतंय. धागे सुटल्यासारखं वाटतं."

कानसेनांनी फेल्ट लावला.

"हां, आता दुमडला काठ. पण एक टाचणी राहिलीय."

"कुठे?"

"ते मला कसं कळणार, दुकान तुमचं. 'स' आला की एकाच जागी टोचते. मघाचा तो खाल्लेला होता ना, तो एवढा टोचत नव्हता."

"कसरीने खाल्लेला? माझ्यापेक्षा बरा?"

"मी आपलं ऐकू येतं ते सांगते. राग येणार असेल तर मी चालले."

कानसेनांना राग आलाच होता. कंपासने काढलेलं भोक ते, त्यात खोट काय निघणार? ते त्या भोकाकडे बघत बसले, आणि हळूहळू त्यांना त्यातली खोट दिसली. वर्तुळाची कड चिमणीपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर असते. तिथून जी काही थोडी सावली निसटते ती चहूबाजूंनी एकाच क्षणी निसटते. सगळे पाहुणे एकदम दारात उभे राहिले की गर्दी होते, एकेक करून आले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. कसरीने ते भोक वेडंवाकडं कुरतडलं होतं, म्हणून तिथे गर्दी झाली नव्हती.

"तुझी मोठी कात्री आण," ते म्हणाले. "हे भोक चांदणीसारखं काप. एक टोक लांब, एक आखूड. अजिबात सारखं नको."

"जन्मभर सरळ कापायला शिकले, आता वाकडं काप म्हणे," असं म्हणत तिने दोन्ही चौकटी झरझर कापून दिल्या.

या खेपेला रेकॉर्ड लागली तेव्हा तिने पडद्यात सुई खुपसून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. गाणं संपेपर्यंत ती तशीच ऐकत राहिली.

"गेली टाचणी," मग ती म्हणाली. "आणि शेवटची घंटी किती लांबून आली, नाही?"

"वाजली?"

शब्द तोंडातून गेला आणि कानसेनांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

"वाजली," बायको हळूच म्हणाली.

मग कानसेनांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मला ताप आला होता तेव्हापासून. थर्मामीटर काखेत पी-पी करून थकला, आणि तुम्ही आपले माझ्या तोंडाकडे बघत बसलात. शेवटी मीच काढला."

"त्याला तर वर्षं झाली."

"झाली की."

कानसेनांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. उजव्या पेटीने उठलेलं डोकं, डाव्या पेटीने उठलेलं डोकं, आणि दर वेळी तिथेच सापडलेली चूक.

"म्हणजे तुझी ती डोकेदुखी..."

"माझं डोकं दगडासारखं आहे. उभ्या जन्मात दुखलं नाही."

"आणि ही जोडी दिली त्या दिवशी तू बहिणीकडे गेली होतीस."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर तेवढी सुटली."

"सांगितलं का नाहीस मग?"

"काय सांगायचं? सगळं जग कानसेन म्हणतं तुम्हाला. ते मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ?"

कानसेन उठले आणि आत जाऊन माठातलं पाणी प्यायले. तहान नव्हती. आपल्याला इतके दिवस कडेवर घेऊन फिरवलं याचा त्यांना राग आला, मग लाज वाटली. तिला गाण्यातलं काही कळत नाही असं आपण चारचौघांत हसून सांगत होतो, त्याची तर फारच लाज वाटली. आणि या सगळ्यांच्या खाली, हे जरा विचित्रच, पण त्यांना बरंही वाटत होतं. लपवायचं ओझं गेलं होतं. बाहेर येऊन ते तिच्या शेजारी बसले आणि दोघांनी मिळून फेल्ट कायमचा चिकटवला. ती सांगायची, ते केसभर सरकवायचे.

सकाळी चष्मेवाले येताना दिसले तेव्हा बायको कुजबुजली, "आता तारेचं काही बोलू नका. झालं ते झालं. पेट्या वाजतायत की."

कानसेनांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे तिला कळलं नाही. चष्मेवाल्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, चष्मा काढून पुसला, परत घातला.

"टाचणी गेली," ते म्हणाले. "कमाल आहे तुमच्या कानांची!"

"कान माझे नाहीत," कानसेन म्हणाले. "आणि ती तार खड्ड्यांनी निघाली नव्हती. मी जोडलीच नव्हती. मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून चिमणी गप्प आहे हे मला कळलंच नाही. खोटं बोललो तुमच्याशी."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"खड्डे सोल्डर पुसून नेत नाहीत एवढं मलाही कळतं," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही म्हणालात, मी मान डोलावली. मग आता पेट्या कोण ऐकतं?"

"ही ऐकते."

चष्मेवाले वळले. इतकी वर्षं दुकानात आले की ते कानसेनांसमोरच्या स्टुलावर बसून त्यांच्याशीच बोलत. आज त्यांनी स्टूल उचललं आणि आतल्या दाराकडे तोंड करून ठेवलं.

"वहिनी, माझ्या मेव्हण्याकडे अजून एक जुनी जोडी पडून आहे. आणली तर बघाल का?"

"ऐकेन," ती म्हणाली. "बघायला हे आहेत."

चष्मेवाले खो-खो हसले. कानसेनही हसले, आणि हसताना त्यांना आत कुठेतरी बारीकसं दुखलंही. तरी कालच्या मानाने ते दुखणं सोसण्यासारखं होतं. चष्मेवाले कोपऱ्यावर लावलेली गाडी आणायला गेले.

"येईपर्यंत परत लावा ना ते," बायको म्हणाली.

कानसेन थबकले. हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी सुई ठेवली, दोन पेट्यांच्या मधे उभं राहून गाणं सुरू झाल्याची खात्री केली आणि तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्याच्या जरा वर, जिथे नुसती भिंत होती, तिथे बघत होती, समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"अहो, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "तिच्या पुढ्यात उभे आहात."

कानसेनांनी मागे वळून पाहिलं. मग ते हळूच भिंतीकडे सरकले आणि त्यांनी त्या गाणाऱ्या बाईला जागा करून दिली.