पाचवा पुरे

सहा वेळा चॅम्पियन झालेल्या माणसाला "आज पाचवा ये" म्हणून सांगायचं, ही शिक्षा ताईच्या वाट्याला आली. ती त्याची थोरली बहीण आणि मेकॅनिकही. हंगामातली शेवटची मोटोक्रॉस शर्यत. पाचवा आला तरी गुणांवर सातवं विजेतेपद त्याचंच. सहावा आला की गेलं. त्याच्या मोडलेल्या मनगटात धातूची पट्टी, वय चौतीस. हरलेल्याला पुढच्या वर्षी कोण गाडी देणार होतं?

"पाचवा. कळलं का रे दीडशहाण्या?"

"हो गं बाई."

सुरुवातीचं गेट पडलं आणि हा शहाणा सगळ्यांच्या पुढे सुटला.

शर्यतीत बोलायची सोय नसते. दर फेरीला ताई कडेला पाटी धरायची, तो जाता जाता वाचायचा. 'पाचवा पुरे.' तो पहिलाच. 'कोणाला दाखवतोयस?' तरी पहिलाच. वर ऐटीत गॉगलवरची फिल्म ओढून उडवली. चिखल बसला की वरची पारदर्शक फिल्म काढायची, खाली दुसरी स्वच्छ. अशा दहा तिने स्वतः लावल्या होत्या. पण चिखल असो नसो, टाळ्या पडल्या की हा एक ओढणार. बक्षीस देणारे साहेबलोक छताखाली बसून खिदळत होते. त्यांच्या बापाचं काय जातंय?

चौथ्या फेरीला तिने लिहिलं, 'दोनच फिल्म उरल्या, गाढवा.' त्याने मान उडवली आणि आणखी एक ओढली.

सहाव्या फेरीला गॉगलच गायब. फिल्म संपून चिखलाने आंधळा झाला म्हणून फेकून दिलेला. उघड्या डोळ्यांत चिखल, जागा तिसरी. मग चौथी. पाटी त्याला दिसेना. ताईने ती भिरकावली आणि नुसती ओरडत सुटली.

शेवटच्या फेरीत तो पाचवा, आणि मागचा अगदी चाकाला चाक लावून. शेवटच्या वळणावर मागचा आतून घुसू पाहत होता. अशा वेळी हा जन्मभर बाहेरून लांब झेप घेत आलेला. आज झेप जिथे उतरायची तो उतारच दिसेना. मग पहिल्यांदाच त्याने ऐट गुंडाळून ठेवली, आतली जागा अडवली आणि म्हाताऱ्यासारखी गाडी रेटत नेली.

रेषेपलीकडे आडवा झाला. "ताई, कितवा गं?"

"आधी डोळे धू."

"सांग ना!"

"पाचवा, मेल्या."

त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. फोटोवाले धावले. "विजयाचे अश्रू का?"

"तसंच लिहा," त्याच्या तोंडावर पाण्याची बाटली उपडी करत ताई म्हणाली. "गाढव आंधळं झालं होतं, हे कोण छापणार?"